केशरची गोफण

थेटरातले दिवे गेले आणि माझ्या हातातले एकतीस कागद काळे झाले.

पडद्यावर अजून जाहिराती चालल्या होत्या. त्यांच्या उजेडात मधूनच एखादी ओळ वर यायची आणि वाचेपर्यंत बुडून जायची. मी कागद नाकापाशी नेले, लांब धरले, तिरपे केले. कमरेला शाळेतल्या बाई वर्गात लावतात तो छोटा स्पीकर बांधलेला, तोंडापुढे माइक, आणि माझ्या दोन्ही बाजूंना आणि मागच्या दोन रांगांत मिळून तेवीस मुली, सगळ्या पुढे झुकून बसलेल्या. एकीलाही दिसत नव्हतं. सिनेमा सांगायला मी बसले होते, आणि आता मलाही दिसत नव्हतं.

"ताई, सुरू झालं का?" शेजारून तस्लीमनं विचारलं.

"होतंय. जरा थांब, कागद दिसत नाहीयेत."

"का ओ?"

"अंधार आहे ना."

ती हसू दाबत म्हणाली, "म्हणजे अंधारात तुम्हाला वाचायला येत नाही? आम्ही तर पांघरुणात डोकं घालून वाचतो."

ही बातमी रांगेतून कानोकान पुढे गेली. शेवटच्या खुर्चीपर्यंत खुसखुस पोचली. माझ्या पलीकडे बसलेले भोकरे मास्तर मात्र हसले नाहीत. ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, निकालाच्या दिवशी बसावं तसे.

त्या गोष्टीला आता आठ वर्षं होतील. तेव्हा आम्ही सांगलीकडच्या एका गावात राहायचो, आणि अंध मुलींची निवासी शाळा आमच्या परसदाराला लागून होती. रेवा झाली त्या वर्षी मी कॉलेजातले मराठीचे तास सोडले होते. तासिकेवर शिकवणाऱ्या बाईची जागा कुणी धरून ठेवत नाही, त्यामुळे सोडले म्हणजे सुटलेच. नवरा नोकरीला पुण्यात, शनिवारी यायचा. दिवसभर घरात मी, सासूबाई आणि रेवा. बोलायला कुणी नाही म्हणून मी रेवाशीच बोलायचे. बघ, आता आपण भात घेतला. आता वरण घातलं. आता फुंकर. सासूबाई म्हणायच्या, अगं, तिला कळतंय का काही? पण आकाशवाणी चालूच राहायची.

संध्याकाळी तिला कडेवर घेऊन मी शाळेच्या मैदानात जायचे. तिच्या पायातले वाळे वाजले की मुली आवाजाच्या दिशेनं गोळा व्हायच्या, तिचे पाय, गाल, जावळ चाचपून बघायच्या. तिथंच मला भोकरे मास्तरांचा शनिवार कळला.

मास्तर पेटी-तबला शिकवायचे. एकोणसाठीला आलेले, वर्षभरात निवृत्त होणार होते. जन्मापासून आंधळे नव्हते. एकविसाव्या वर्षी नजर गेली, आणि त्याआधी, सोळाव्या वर्षी, त्यांनी 'लाल ससाणा' एकोणीस वेळा पाहिला होता. लहान मुलांच्या साप्ताहिकात येणाऱ्या चित्रकथेवरून काढलेला तो मारधाडीचा सिनेमा. ससाणा म्हणजे तोंडावर चोचीचा मुखवटा आणि पाठीवर लाल झूल घातलेला वीर. दुष्टाचं नाव भुजंग. आणि दीपगृहाच्या राखणदाराची मुलगी केशर. अठ्ठावीस वर्षं मास्तर दर शनिवारी संध्याकाळी वसतिगृहाच्या पडवीत बसून हा सिनेमा सांगत आले होते, थोडा थोडा, साप्ताहिकातल्यासारखा. संपला की पुन्हा पहिल्यापासून.

सगळ्यांचा जीव शेवटच्या भागात. ससाणा दीपगृहाच्या सज्जाला एका हातानं लोंबकळतोय. भुजंग बुटाखाली त्याची बोटं चिरडतोय. खाली खडकावर उभी केशर कमरेची गोफण सोडते, तिच्यात दगड घालते आणि फिरवते. इथं तेवीस उजवे हात वर जायचे आणि पडवीभर हवा कापत फिरायचे. एक, दोन, तीन. तिसऱ्या फेऱ्याला दगड सुटायचा आणि थेट भुजंगाच्या मनगटावर बसायचा. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा चटकन रेवाचं डोकं खांद्याखाली घेतलं होतं. खरंच दगड येईल असं वाटलं.

मग त्या सिनेमाचा नवा अवतार येतोय अशी बातमी आली. नुसता 'ससाणा', रंगीत, परदेशात जाऊन केलेल्या मारामाऱ्यांसकट. बाजारपेठेतल्या थेटरवाल्यानं शाळेला एका सकाळच्या खेळाची बाल्कनी फुकट देऊ केली. मुली दोन दिवस जमिनीवर नव्हत्या. अधीक्षक माळगेबाई मात्र तयार नव्हत्या. दर वर्षी सहल बागेत जायची, ती बरी होती. अंध मुलींना सिनेमा दाखवायचा हा काय खेळ आहे, लोक हसतील, असं त्यांचं म्हणणं. तस्लीम त्यांना म्हणाली होती, बागेत तरी आम्हाला काय दिसतं बाई, तिथंपण आइस्क्रीमच. शेवटी बाईंनी परवानगी दिली, पण बजावून. हे पहिलं आणि शेवटचं. मुली कंटाळल्या तर पुढच्या वर्षी पुन्हा बाग.

मास्तरांना दिसत नाही, तेव्हा नवा सिनेमा सांगायला डोळस माणूस हवा होता. मुलींनी माझं नाव घेतलं आणि मी हो म्हणून बसले. मराठीची बाई ना मी. वर्षभरात कुणी मला काही सांग असं म्हटलं नव्हतं.

मी तयारीला लागले. सिनेमा लागल्या दिवशीच गेले, तर मध्यंतरात सासूबाईंचा फोन, रेवा वाटी-चमच्यानं दूध घेत नाही, रडून निळी झालीय. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा मध्यंतरात फोन. म्हणजे मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा अर्धा. उरलेला अर्धा पाहू पाहू म्हणता राहूनच गेला. पण जेवढा पाहिला तेवढ्याचं वर्णन मी, रेवाचा डोळा लागेल तेव्हा तेव्हा, मनापासून लिहून काढलं. एकतीस पानं. कितीतरी दिवसांनी माझ्या हातून एवढं मराठी उतरलं होतं. अंधारात ते वाचायचं कसं, हे एकदाही डोक्यात आलं नाही.

आणि रेवाला पाजताना एका दुपारी मी मोबाइलवर जुना 'लाल ससाणा' पाहिला.

सिनेमा काळा-पांढरा निघाला. लाल फक्त पोस्टरवर. ससाण्याचं पोट सुटलेलं, दीपगृह पुठ्ठ्याचं. त्यानं हात टेकला की हलायचं. प्रत्येक जण जे करणार ते आधी बोलून दाखवायचा. आता मी ही कळ दाबतो, मग बघ तुझं काय होतं. मी हसत होते. मग शेवटचा भाग आला. ससाणा सज्जाला लोंबकळला. भुजंगानं बूट ठेवला. खाली केशर उभी होती. तिनं हात तोंडाशी नेले, देवाचा धावा केला आणि रडली. सज्जा मोडून भुजंग आपला आपणच खाली पडला.

गोफण नव्हती. मी तो भाग मागे नेऊन तीनदा पाहिला. नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी मास्तर पेटीच्या खोलीत एकटेच होते. मी जुना सिनेमा पाहिल्याचं सांगितलं. त्यांचा भात्यावरचा हात थांबला, आणि दाबून धरलेला सूर हळूहळू विरून गेला.

पहिल्या वर्षी त्यांनी जसाच्या तसा सांगितला होता, असं ते म्हणाले. शेवटाला आले तेव्हा एका मुलीनं विचारलं, तो लोंबकळत होता तेव्हा केशर काय करत होती? मास्तर म्हणाले, रडत होती. तेवीस-चोवीस पोरी होत्या, कुणी काही बोललं नाही. उठून गेल्या.

"ते गप बसणं मला सोसलं नाही," मास्तर म्हणाले. "रोज सगळे त्यांना तेच सांगतात की. तू गप बस, तू बाजूला हो, तुला काय जमणार. माझ्याही तोंडून तेच? पुढच्या शनिवारी म्हणलं, थांबा गं, एक सांगायचं राहिलं होतं. आणि दिली तिच्या हातात गोफण. आमच्या आईकडं होती तशी."

मी म्हटलं, चांगलंच केलंत की.

"अठ्ठावीस वर्षं खोटं सांगितलंय. आता नवा आलाय. त्यात ती रडली तर पोरींना कळणार, मास्तरचं सगळं बनावट. त्यांना दुसरीकडून काय दिसलंय? मी जे सांगितलं तेच." त्यांनी पेटीचा भाता मिटला. "तुम्ही बघितलाय. काय करते ती?"

मी खरं ते सांगितलं. मध्यंतरापर्यंत तरी ती काहीच करत नाही, आणि पुढचा मी पाहिलेला नाही.

म्हणून त्या सकाळी ते तसे बसले होते.

सिनेमा सुरू झाला. मी मोबाइलचा दिवा कागदावर धरला. आता कागद दिसत होते, पण कागदाकडे पाहिलं की पडदा निसटायचा आणि पडद्याकडे पाहिलं की ओळ. ससाणा इमारतीवरून उडी मारून, दोघांना लोळवून, तिसऱ्याच्या मागे लागला, तेव्हा मी अजून पहाटेच्या आभाळावर होते. 'संध्येची लाली' असं लिहिलेलं मी घाईत पहाटेला वाचलं. दाणकन कसला तरी आवाज झाला आणि सगळ्या दचकल्या.

"ताई, आभाळ राहू द्या," तस्लीम म्हणाली. "आत्ता काय फुटलं?"

मी वर पाहिलं. काय फुटलं ते होऊन गेलं होतं.

तासभर असंच. जुन्या सिनेमात आंधळ्यालाही सगळं कळलं असतं, कारण मारणारा आधी सांगून मारायचा. या नव्यात कुणी बोलतच नव्हतं. दहा-दहा मिनिटं नुसते धडाके, काचा, टायरांचे आवाज, मध्येच शांतता, पुन्हा धडाके. माझे शब्द त्यांच्यामागून धावत होते, अलंकार घालून, धापा टाकत. मागच्या रांगेत वेण्यांशी खेळ सुरू झाला. धाकट्या राजनंदिनीनं विचारलं, आइस्क्रीम कधी? माळगेबाई पॅसेजमध्ये उभ्या होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं.

मध्यंतरात दिवे लागले तेव्हा मला रडू येत होतं. कागदांची सुरळी करून मी जिन्यावर गेले. मास्तर कठडा धरून माझ्या मागून आले, आणि त्याच वेळी खालून वाळ्यांचा आवाज आला. सासूबाई रेवाला घेऊन जिना चढत होत्या. घेईचना काही, म्हणाल्या, आता तूच बघ. रेवा माझ्या अंगावर झेपावली आणि लगेच गप्प झाली, जणू आपलं काही चुकलंच नव्हतं.

मी मास्तरांना म्हटलं, "झालं माझं. लिहिलेलं होतं ते वाया गेलं आणि पुढचं तर लिहिलेलंच नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. "तुमचे कागद सिनेमा बघून घरी लिहिलेले. पोरींना आत्ताचं पायजे."

मग जे बोलायचं ते मी बोलून टाकलं. आवाज खाली घेऊन. पुढचं मला ठाऊक नाही तसं कुणालाच ठाऊक नाही. पडद्यावर केशर काहीही करो, मी सांगेन की तिनं गोफण मारली. कुणाला कळणार आहे?

मास्तरांचा हात कठड्यावरून मागेपुढे फिरत होता.

"नको," ते म्हणाले. "मी सांगत होतो तेव्हा मला दिसत नव्हतं. आंधळ्यानं बनवलं, चाललं. तुम्ही आज त्या पोरींचे डोळे आहात. डोळ्यांनी खोटं बोलायचं नाही. ती रडली तर रडली म्हणा. पुढचं मी बघतो."

"काय बघणार?"

"माफी मागीन. दुसरं काय?"

घंटा झाली. सासूबाईंनी रेवासाठी हात पुढे केले तर तिनं माझा पदर मुठीत घट्ट धरला. म्हणून तिला घेऊनच आत गेले. कागद जिन्यावरच राहिले.

दिवे गेले. रेवाला अंधार नवा होता. ती कण्हायला लागली, ओठ काढला. आता ही रडणार आणि उरलंसुरलंही जाणार. मी तिचा गाल माझ्या गालाला लावला आणि घरी करते तेच केलं.

"बघ," मी म्हटलं. "आला. हळूच आला. भिंतीला चिकटून चाललाय. एक पाय. दुसरा पाय. थांबला. कान देतोय."

माइक तोंडापुढेच होता. ते लक्षातही नव्हतं.

"दार. बंद आहे. ढकललं... नाही उघडत. खांदा लावला. पुन्हा लावला. आता मोठ्ठा आवाज होणार हं." आणि दार फुटलं. रेवा दचकली नाही. मागच्या रांगेतलीही कुणी दचकली नाही.

वेण्यांची चाळवाचाळव थांबली. ते मला मागाहून जाणवलं, थंडी कमी झाल्याचं मागाहून कळतं तसं. मी बोलत राहिले. वाक्यं नव्हतीच, तुकडे होते. गाडी आली. वळली. सुटला. नाही सुटला, झूल अडकली. फाडली झूल. पळ. माझे शब्द आता पडद्याच्या मागे नव्हते. बरोबर होते, कधी अर्धं पाऊल पुढेच. राजनंदिनीनं अंधारात हात लांबवून रेवाचा पाय शोधला आणि धरून ठेवला. माझ्या दंडाला कुणाचं तरी डोकं टेकलं होतं, कुणाचं ते बघायला मला सवड नव्हती.

आणि मग शेवट आला.

नव्या सिनेमात दीपगृह नव्हतं. माळावरच्या पवनचक्क्या होत्या. ससाणा सगळ्यात उंच पवनचक्कीच्या थांबलेल्या पात्याला एका हातानं लोंबकळत होता. भुजंग वर उभा. त्यानं बूट उचलला.

"बोटांवर ठेवला बूट," मी म्हटलं. मास्तर माझ्या पलीकडे जरासे ताठ झाले.

"केशर कुठाय?" तस्लीमनं विचारलं. पडवीत दर वेळी याच जागी ती हेच विचारत असणार.

कॅमेरा खाली आला. "खाली आहे. एवढीशी दिसतेय. वर बघतेय." मी थांबले. थांबायला नको होतं, पण थांबले. "हात तोंडाशी नेले."

रांगेतल्या कुणाचा तरी श्वास अडकल्याचा आवाज झाला. मास्तरांनी मान खाली घातली, हे मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. मला त्या बाईचा राग आला, त्या दिग्दर्शकाचा राग आला. एवढं सगळं बदललं, परदेशात जाऊन आले, आणि ही तशीच. पण डोळ्यांनी खोटं बोलायचं नव्हतं.

"डोळ्यांत पाणी आलंय," मी म्हटलं. "रडतेय."

रेवानं माझी हनुवटी पकडली. पडद्यावर केशरनं डोळे पुसले.

"पुसलं. पाणी पुसलं तिनं. इकडे तिकडे बघतेय. पळाली. थांबा, पळाली. चक्कीच्या दाराकडे. आत गेली. शिडी आहे. चढतेय गं. एक हात, दुसरा हात. चपला काढून टाकल्या. उंच आहे, फार उंच. वर ससाण्याचं एक बोट सुटलं. दुसरं सुटलं. ती चढतेय. डोक्यानं झाकण ढकललं. आली वर. वारा आहे, केस तोंडावर आलेत. तिथं दोराचं वेटोळं आहे, एक टोक कठड्याला बांधलेलं. उचललं. कमरेला बांधतेय, गाठ मारली, ओढून बघितली. भुजंगानं मागे वळून पाहिलं तिला. हसला. तिच्याकडे चालत येतोय. ती धावली. बाजूनं गेली. कडेपर्यंत... उडी टाकली."

"अगं बाई, पडेल ती," कुणीतरी मोठ्यानं ओरडलं.

"नाही पडली. हवेत आहे. हात पुढे. त्याचं शेवटचं बोट सुटलं. पडला... धरला. मनगट धरलं. दोर ताणला. धरलाय तिनं. एका हातानं धरलाय."

वर तोल गेलेला भुजंग हवेत हात मारत खाली गेला, ते मी सांगितलं की नाही मला आठवत नाही. आमच्या तीन रांगा उठून उभ्या राहिल्या होत्या. आणि त्या अर्ध्या उजेडात मी पाहिलं, तेवीस हात वर जाऊन गोल फिरत होते. एक, दोन, तीन. पडद्यावर गोफण नव्हती. त्यांचं त्यांनी घातलं होतं.

मास्तरांनी माझं मनगट पकडलं. माइकपासून तोंड लांब नेत ते पुटपुटले, "खरं सांगा. हे पडद्यावर आहे? का माझी लाज राखताय?"

"पडद्यावर आहे, मास्तर."

"शपथ घ्या."

"शपथ कशाला? मघाशी 'पडेल ती' म्हणून कोण ओरडलं, ऐकलंत ना? माळगेबाई ओरडल्या, पडदा बघून."

मास्तरांनी मान तिकडे वळवली. पॅसेजमध्ये माळगेबाई पायरीवर मटकन बसल्या होत्या आणि पदरानं कपाळ टिपत शेजारच्या डोअरकीपरला सांगत होत्या की दोराची गाठ त्यांना काही पक्की वाटली नव्हती. मास्तरांनी ते ऐकलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते की काय ते मी पाहिलं नाही. रेवाला सांगायला शेवटची पाटी उरली होती.

बसमध्ये भांडण जुंपलं. जुना भारी की नवा भारी. एकीचं म्हणणं, नव्यातली केशर जिवावर उदार झाली. दुसरीचं म्हणणं, उडी काय कुणीही मारेल, नेम धरायला डोकं लागतं. जुन्या भुजंगाला बोलता तरी येत होतं, नवा मुका. नव्यातला आवाज पोटात जातो. जुन्यातलं गाणं नव्यात का नाही? मास्तर पुढच्या बाकावर काठी धरून ऐकत होते. पुलापाशी बस थांबली तेव्हा ते उठून उभे राहिले आणि मुलींकडे तोंड केलं.

"पोरींनो, एक सांगायचंय. जुन्यात गोफण नव्हती."

मुली बाकांवर पुढे सरकल्या.

"केशर रडत होती नुसती. गोफण मी घातली. इतकी वर्षं खोटं सांगितलं तुम्हाला."

मी रेवाला छातीशी धरून बसले होते. मागून कुणीतरी खाकरलं.

"माहिताय की," तस्लीम म्हणाली.

"काय?"

"दिवाळीत भावानं मोबाइलवर लावला होता. म्हणाला, पोरगी नुसती रडती. मी म्हणलं, तुझा मोबाइल बिघडलाय." मग ती म्हणाली, "आणि मला त्याच्या आधीच सांगितलं होतं मोठ्या पोरींनी. नवी मुलगी वसतिगृहात आली की महिन्याभरानं तिला सांगतात. आणि शपथ घालतात, मास्तरांना कळू द्यायचं नाही."

मास्तरांनी हात मागे नेऊन बाकाची पाठ शोधली. "कधीपासून?"

"काय माहीत. त्या मोठ्यांना त्यांच्या मोठ्यांनी सांगितलं होतं."

"मग बोलला का नाहीत कुणी?"

"बोललो असतो तर तुम्ही काढून घेतली असती की गोफण," राजनंदिनी म्हणाली.

मास्तर खाली बसले. काठी घरंगळून माझ्या पायाशी आली, मी ती उचलून त्यांच्या हातात दिली. बराच वेळ ते खिडकीतून येणारा वारा तोंडावर घेत राहिले. त्यांचा चेहरा एखाद्या मुलाचा पहिला नंबर आल्यावर होतो तसा झाला होता. माळगेबाई ड्रायव्हरच्या मागून म्हणाल्या, पुढच्या वर्षी जरा लवकर निघू, मला मधली खुर्ची हवी.

त्या शनिवारी मी रेवाला घेऊन पडवीत गेले. मास्तर शेवटच्या भागाशी आले होते. ससाणा सज्जाला लोंबकळला, भुजंगाचा बूट बोटांवर आला, आणि मास्तर थांबले. वाळ्यांच्या आवाजावरून त्यांनी आमची जागा हेरली.

"पुढचं ताई सांगतील," ते म्हणाले. "त्यांनी बघितलाय."

मी पाहिला होता. तीनदा मागे नेऊन पाहिला होता. तेवीस चेहरे माझ्याकडे वळले, आणि तेवीस उजवे हात मांडीवरून किंचित उचलले गेले.

मी रेवाला मांडीवर नीट बसवलं.

"बघ," मी म्हटलं. "केशरनं कमरेची गोफण सोडली."